नकाशाचा चौथा कोपरा

तुम्ही कधी पडद्यावर नुसते स्वतःचे हात बघितले आहेत का? चेहरा नाही, खांदे नाहीत, फक्त कोपरापासून पुढचे दोन हात, कुणाच्या तरी सांगण्यावरून पानं उलटणारे? मी रोज बघते. माझी नोकरीच ती आहे.

आमच्याकडे जुन्या कागदपत्रांचा दप्तरखाना आहे. बरंचसं दप्तर आता स्कॅन होऊन वेबसाईटवर गेलं आहे. कुणालाही, कुठेही बसून वाचता येतं. पण काही कागद स्कॅनरमध्ये मावत नाहीत, काहींची शिवण उसवायची भीती असते. ते माझ्या टेबलावर येतात. टेबलाच्या वर लोखंडी दांडीला एक कॅमेरा टांगला आहे, तोंड खाली करून. अभ्यास करणारा माणूस आपल्या घरी बसतो, त्याला पडद्यावर माझं टेबल दिसतं. तो म्हणतो, "पुढचं पान." मी उलटते. तो म्हणतो, "जरा वर सरकवा." मी सरकवते. बाजूला माझ्यासाठी एक छोटा पडदा आहे. त्याला जे दिसतं तेच मला त्यावर दिसतं. माझ्या नवऱ्याला ही नोकरी फार पसंत पडली. म्हणाला, "बायकोचे हात चालतात आणि तोंड दिसत नाही, असं खातं दुसरीकडे कुठे मिळणार?"

लोकांना वाटतं आम्ही पांढरे हातमोजे घालत असू. मोज्यांनी बोटं आंधळी होतात आणि कागद फाटतो. हात स्वच्छ धुवायचे, कोरडे करायचे आणि उघडेच ठेवायचे. अंगठी नाही, घड्याळ नाही, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खोली थंड ठेवलेली असते. एक यंत्र दिवसभर हवेतला दमटपणा ओढत असतं, त्याची घरघर चालू असते. महिनाभरात ती ऐकू येईनाशी होते. मग बंद पडली की दचकायला होतं.

पलीकडच्या खोलीत खळवाले काका बसतात. फाटलेल्या कागदांना खळ लावून जोडणं हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतंच आहे. आमच्या मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे ते तिकडे खोकले की मी इकडून "पाणी प्या" म्हणते.

आता बाईंचं सांगते. बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, समुद्रापलीकडे मुलीकडे राहणाऱ्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण बोलणं अजून वर्गातलंच. आमच्या शहराबाहेर साथीच्या रोगांचं एक जुनं इस्पितळ होतं. ते कधीच बंद पडलं. बाई त्याचा इतिहास लिहीत होत्या, घरबसल्या, आमच्या साईटवरून. मला म्हणायच्या, "ताई, मी स्वयंपाकघरात असते त्यापेक्षा जास्त वेळ तुमच्या साईटवर असते. मुलगी म्हणते, तिथेच जेव आता."

पण इतिहास हे निमित्त होतं. बाईंचा जन्म त्या इस्पितळातला. आई गरोदरपणात साथीत सापडली, तिला तिथे ठेवलं, तिथेच बाळंत झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. नातेवाइकांना आत सोडत नसत. फाटकाजवळ एक खिडकी होती, डबे, कपडे, निरोप, सगळं त्या खिडकीतून आत-बाहेर व्हायचं. बाईंना तिथूनच बाहेर दिलं. आत्या खिडकीपाशी उभी होती, नर्सनं कापडात गुंडाळलेलं मूल तिच्या हातात ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. आईचं शेवटचं तोंडसुद्धा कुणी पाहिलं नाही. साथीत गेलेल्यांना घरी देत नसत. मागच्या आवारातच पुरत.

"आईला एकच मूल झालं," बाई म्हणायच्या, "आणि त्या एका मुलाला तिची जागा माहीत नाही. हे काही बरं नाही ना ताई?"

त्या वर्षी इस्पितळाची जमीन विकली गेली. तिथे इमारती उभ्या राहणार होत्या. अधिकाऱ्यांनी जाहीर केलं होतं की ज्यांना आपल्या माणसाची जागा नेमकी दाखवता येईल त्यांनी अमुक दिवशी सकाळी यावं, त्यांच्यापुरतं खणून अवशेष दिले जातील. बाकीच्यांवर काँक्रीट पडणार. दफनाच्या नोंदी आम्ही साईटवर आधीच टाकल्या होत्या. त्यात बाईंना आईचं नाव मिळालं, आणि नावापुढे जागेचा नंबर, सत्तेचाळीस. पण सत्तेचाळीस म्हणजे कुठे? वर सगळं गवत माजलेलं. नंबर घातलेल्या विटा मातीत गेलेल्या.

आवाराचा नकाशा आमच्या यादीत होता. मोठा होता, म्हणून स्कॅन झालेला नव्हता. बाईंना तो सापडेपर्यंत खणायचा दिवस उद्यावर आला. त्यांचा मुलगा गावात येऊन, मोजपट्टी घेऊन त्या आवारात उभा होता. एका फोनवर बाईंना तो, दुसऱ्या पडद्यावर मी.

दुपारची वेळ होती. जेवणं झालेली, बाहेर ऊन, आत नेहमीचा गारठा. मी नकाशा आणला. कापडावर चिकटवलेला, वर्षानुवर्षं गुंडाळी करून ठेवलेला. असा नकाशा पसरला की हट्टी मुलासारखा पुन्हा गुंडाळत जातो. म्हणून चार कोपऱ्यांवर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या असतात. त्यातली एक उसवली होती, ती काकांकडे शिवायला गेलेली. तीन कोपऱ्यांवर तीन ठेवल्या आणि चौथा, पलीकडचा डावा कोपरा वाकून डाव्या हातानं दाबून धरला.

"आला का आवाज?" मी विचारलं.

"आला. आणि नकाशाही आला," बाई म्हणाल्या. "काय सुबक अक्षर आहे हो. आमच्या वेळी अशा अक्षराला पाचपैकी पाच."

वर फाटक, मध्ये वॉर्ड, एका अंगाला धुलाईघर आणि त्याची चिमणी. फाटकाचा खांब आणि ती चिमणी अजून जागेवर आहेत, हे मुलानं आधीच सांगितलं होतं. त्या दोन खुणांपासून अंतर मोजलं की जागा निघणार. दफनाची जागा होती नकाशाच्या चौथ्या कोपऱ्यात, मी धरलेल्या. बारीक चौकोन, एकेकात नंबर.

"मोजायला दोन्ही हात लागतील," मी म्हटलं. पट्टी उचलायला डावा हात सोडला आणि कामाला लागले. फाटकाचा खांब शोधला, चिमणी शोधली, पट्टी लावली. काम भराभर होत होतं आणि मला बरं वाटत होतं.

"ताई," बाई म्हणाल्या, "त्या दुसऱ्या ताईंना म्हणावं, हात जरा बाजूला घ्या. नंबर झाकले जातायत."

"कोण दुसऱ्या ताई?"

"तुमच्या समोर बसल्यात त्या. कोपरा धरलाय ना त्यांनी."

मी हसले. "बाई, इथे मी एकटीच आहे. काका आहेत, पण ते पलीकडे खळ शिजवतायत."

"हा काही काकांचा हात नाही," बाई म्हणाल्या. "बाईमाणसाचा आहे. पांढरी बाही, मनगटाला बटण, खळ केलेली दिसतेय. पूर्वी नर्सेस घालायच्या तशी. तुमच्याकडे युनिफॉर्म असतो वाटतं?"

तेव्हा मला कळलं की मी तो कोपरा केव्हाच सोडून दिलाय. आणि तो गुंडाळला गेलेला नाही. सपाट पडून आहे.

मी छोट्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर नकाशा होता, तीन पिशव्या होत्या, पट्टी धरलेले माझे दोन हात होते. आणि वरच्या डाव्या अंगानं एक तिसरा हात आत आलेला होता. पांढऱ्या बाहीचा. तळवा पालथा, बोटं जवळजवळ, त्या बारीक चौकोनांवर ठेवलेला.

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर माझेच दोन हात होते.

मी ओरडले नाही. का, ते मला सांगता येत नाही. घाबरलेलं माणूस ओरडतं असं आपण म्हणतो, पण मला तेव्हा एवढंच वाटलं की नकाशाला धक्का लागता कामा नये. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हात होता. टेबलाकडे पाहिलं... नव्हता. समोरची खुर्ची नेहमीसारखी आत सरकवलेली होती.

"त्या काय करतायत?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, कुतूहल होतं. "थोपटतायत का नकाशा?"

हो, थोपटत होता तो हात. अगदी हळू. बोटं वर, बोटं खाली. झोपत नसलेल्या मुलाला थोपटतात तसं. मला आवाज येत नव्हता. पण कापडाच्या नकाशावर, त्या कोपऱ्यापाशी, माझ्या पट्टीचं टोक दर वेळी इवलंसं हलत होतं.

खोलीत वास यायला लागला. आधी वाटलं काकांची खळ करपली. पण तो तसा नव्हता. फिनेलचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, आंबलेलं... दुधासारखं.

पलीकडून काकांचा आवाज आला. "अहो, फिनेल कुणी ओतलं? माझी खळ नासेल ना."

"कुणी नाही काका," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला.

"कुणी नाही तर मग वास काय वाट चुकून आला?" काका पुटपुटले, आणि त्यांच्या खिडकीची फळी उघडल्याचा आवाज झाला.

तिकडे बाईंचा मुलगा फोनवर काहीतरी बोलत होता. बाई म्हणाल्या, "ताई, तो म्हणतोय पहारेकरी फाटक बंद करायला आलाय. आज खूण करून ठेवली तरच उद्या खणतील. काही करून तेवढा नंबर बघा. त्यांना म्हणा हो, हात काढा. मी नमस्कार सांगितलाय म्हणा."

बाईंना पुन्हा ठासून सांगावं का, की इथे खरंच कुणी नाही? मी विचार केला. सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्या बाईंनी काय केलं असतं? घाबरल्या असत्या, कदाचित पडदा बंद केला असता. आणि उद्या काँक्रीट पडलं असतं. त्यांना पडद्यावर नंबर दिसत नव्हते, कारण वर हात होता. पण मला टेबलावर तर दिसत होते. तिथे काहीच नव्हतं. मी वाकून वाचले की झालं.

"मी वाचून सांगते बाई," मी म्हटलं.

मी वाकले. तो कोपरा माझ्यापासून लांबचा, त्यामुळे टेबलावर पोट टेकून, हात लांब करून बोट न्यावं लागलं. वास वाढला. चौकोन दिसत होते. एक्केचाळीस, बेचाळीस... शाई पुसट होती. माझा चेहरा बरोबर त्या जागी होता जिथे पडद्यावर ती बाही असणार. गालाला काही लागलं नाही. फक्त ऊब जाणवली. त्या गार खोलीत कुणी अगदी जवळ बसल्यावर येते तशी ऊब.

"ताई..." बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. "त्यांनी तुमचा हात का धरलाय?"

मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्या हातानं माझं मनगट धरलं होतं. घट्ट, पण दुखेल असं नाही. चुकीचं लिहिणाऱ्या मुलाचा हात शिक्षक धरतात तसं. माझ्या मनगटाला काहीच जाणवत नव्हतं. मी बोट पुढे सरकवलं, ते सहज सरकलं. पडद्यावर तो हात माझ्या हाताबरोबर ओढला गेला.

"सत्तेचाळीस," मी म्हटलं. "सापडला. शेवटच्या रांगेत, भिंतीकडून दुसरा."

मग मी पट्टी लावली आणि अंतरं सांगितली. खांबापासून इतकं, चिमणीपासून इतकं. बाईंनी ती मुलाला सांगितली, मुलानं परत म्हणून दाखवली. मी नकाशावर पुन्हा मोजून पाहिली. बरोबर होती. मुलानं तिथे खुंटी ठोकली. फोनमधून, बाईंच्या पडद्यामधून, ते ठोकणं माझ्या खोलीत ऐकू आलं.

शेवटचा ठोका पडला आणि चौथा कोपरा फटकन गुंडाळला गेला. माझ्या बोटांवर आपटला.

पडद्यावर माझेच दोन हात होते.

"गेल्या वाटतं त्या," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांना राग आला का हो माझा?"

"नाही बाई," मी म्हटलं. "तुम्ही आता झोपा. तिकडे पहाट होत आली असेल."

आमचं प्रत्येक वाचन आपोआप साठवून ठेवलं जातं, पुढे कुणाला पुन्हा बघायचं असेल म्हणून. संध्याकाळी निघण्याआधी मी काकांना बोलावलं आणि दोघांनी ते पाहिलं. त्यात माझे दोन हात होते. तिसरा हात कुठेच नव्हता. मी वाकले, बोट नेलं, नंबर वाचला, सगळं नीट दिसत होतं. कोपरा मात्र सुटा होता आणि सपाट होता.

काकांनी तेवढा भाग पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाले, "कापडाचा नकाशा आहे. दमट हवेत बसतो कधी कधी."

"यंत्र चालू होतं काका."

"मग नाही बसत," काका म्हणाले. ते उठून पलीकडे गेले, उसवलेली पिशवी उभ्या उभ्या शिवली, आणून माझ्या टेबलावर ठेवली. "उद्यापासून चारी ठेवा. दोन ठेवल्या कोपऱ्यावर तरी चालेल."

रात्री घरी मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. मी भाकरी करत होते, तर तोच म्हणाला, "आज हातांचं काय बिनसलंय? तिसरी भाकरी मोडली." मी म्हटलं, खोली गार असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशा पसरून बसले, अंतर पुन्हा तपासावं लागलं तर हाताशी असावा म्हणून. चार कोपऱ्यांवर चार पिशव्या. बाई पडद्यापलीकडे होत्या, मुलगा आवारात, फोन खड्ड्याच्या दिशेनं धरून. खणणारी माणसं खुंटीपाशी लागली. नंबराची वीट आधी निघाली, सत्तेचाळीस. मग थोड्या वेळानं खणणं थांबलं.

"सापडली का रे?" बाईंनी विचारलं.

"सापडली आई," मुलगा म्हणाला. "पण..."

तिथे डॉक्टर होते, त्यांनी फोन घेतला. बाईमाणूस आहे, ते म्हणाले. तिच्या कुशीत एक मूल आहे. नुकतं जन्मलेलं, फार तर काही दिवसांचं. दोघांना एकदमच ठेवलेलं दिसतंय.

बाई वर्गात कुणाचं गणित चुकलं तर सांगावं तसं म्हणाल्या, "नाही. आईला एकच मूल झालं होतं. ते मी."

"वीट इकडची तिकडे झाली असेल," तिथला अधिकारी म्हणाला. "शेजारची जागा बघू या. कागदावर आणि जमिनीवर फरक पडतो पुष्कळदा."

नकाशावर सत्तेचाळीसच्या शेजारी, भिंतीला लागून, अठ्ठेचाळीस होता. ते खणायला लागले. मी आमच्या साईटवर दफनाच्या नोंदी उघडल्या, शेजारी कोण ते बघायला. सत्तेचाळीससमोर बाईंच्या आईचं नाव, तारीख. अठ्ठेचाळीससमोर, त्याच आठवड्यातली तारीख, आणि नावाच्या जागी फक्त एवढंच: वॉर्डातली नर्स, बाळंतीण.

"ताई," बाईंनी अगदी हळू विचारलं, "मग आत्याच्या हातात खिडकीतून दिलं, ते मूल कुणाचं?"

माझे हात कॅमेऱ्याखाली होते, ते मी तसेच ठेवले.

"कालच्या त्या बाई आहेत का तिथे? त्यांना विचारा ना."

"नाहीत बाई," मी म्हटलं.

अठ्ठेचाळीसची वीट निघाली. खालची माती भुसभुशीत होती, कधीतरी खणून भरलेली होती. ते खालच्या खडकापर्यंत गेले. त्यात कुणी नव्हतं.